कन्याकुमारीला निघण्याआधी: सामान कमी करण्याच्या तीन महिन्यांच्या नोंदी

कोथरूड ते कन्याकुमारी, सायकलनं, किनाऱ्याच्या रस्त्यानं. ताम्हिणी उतरून माणगाव, मग श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवण, पुढे गोवा, कारवार, उडुपी, कोझिकोड, आलप्पुळा. आमच्या हिशेबानं १६०० किलोमीटरच्या आसपास आणि २४ दिवस. जाणार मी आणि माझा धाकटा भाऊ. मी बँकेत नोकरी करते, रजा साठवून ठेवली आहे. एका दिवसात शंभर किलोमीटर दोघांनीही केलेत, पण सामान लादून कधीच नाही. कोणाला असंच जायचं असेल तर आमच्या चुका आयत्या मिळाव्यात म्हणून हे लिहून ठेवते आहे.

माझी सायकल स्टील फ्रेमची हायब्रिड, ७०० बाय ३५ चे टायर. भावाची २६ इंची एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

बॅग लटकवून वजन करायचा काटा आणला, ४५० रुपये. हॉलमध्ये सतरंजी पसरून माझं सगळं सामान मांडलं आणि एकेक गोष्ट पिशवीत घालून काट्याला अडकवली. आई खुर्चीत बसून वहीत आकडे लिहीत गेली.

तंबू २.६ किलो. स्लीपिंग बॅग १.४. छोटा गॅस, भांडी, चहा-साखरेचा डबा १.३. कपडे ४.१. हत्यारं २.२. औषधं ०.७. चार्जर, पॉवर बँक, दिवे १.१. खाऊ १.९. रिकाम्या बॅगा १.८. साबण, वही, कुलूप असलं किरकोळ ०.७. बेरीज १७.८ किलो, पाणी सोडून. भावाचं २१ च्या वर गेलं.

चकवा दिला तो कपड्यांनी. हातात घेतला की प्रत्येक कपडा हलकाच लागतो. जीन्स एकटी ६८० ग्रॅम भरली. ती आजच बाजूला काढली. बाकी सगळं आहे तसंच ठेवलं, कारण प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे काहीतरी कारण होतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसऱ्याला दोन्ही सायकलींना झेंडू वाहिले, आज सामान लादून पानशेतला निघालो. डोणजे मागे टाकलं आणि पुढे एका खड्ड्यात माझं कॅरिअर डावीकडे वळलं. बॅग स्पोकना घासायला लागली. थांबेपर्यंत कापडाला आठ आण्याएवढं भोक पडलं.

चूक सरळ आहे. मी सीटच्या नळीला आवळायचं कॅरिअर घेतलं होतं, ॲल्युमिनियमचं, १४०० रुपये. त्याच्यावर १० किलोची मर्यादा छापलेली आहे, ती मी घरी आल्यावर वाचली. तेव्हा त्याच्यावर १३ किलो तरी होते. नळी गोल, त्यामुळे बोल्ट कितीही आवळला तरी धक्क्यानं ते फिरतंच. एक बॅग भावानं त्याच्या सायकलवर घेतली आणि आम्ही पानशेतला न जाताच परतलो. या भानगडीत दोन तास गेले.

संध्याकाळी गल्लीतल्या सायकलवाल्या काकांकडे गेले. त्यांनी कॅरिअर हातात घेऊन पाहिलं आणि परत दिलं. "ताई, भार चाकाच्या आसावर गेला पाहिजे. सीटच्या नळीवर नाही." मागच्या आसाजवळ फ्रेमला दोन भोकं असतात, सीटच्या खाली आणखी दोन. त्या चारही ठिकाणी बसणारं लोखंडी कॅरिअर त्यांनी ११०० रुपयांत बसवून दिलं. ॲल्युमिनियमच्यापेक्षा ते चांगलंच जड आहे. पण लोखंड तुटलं तर वाटेतल्या कुठल्याही गावात वेल्डिंगवाला सांधून देईल, म्हणून हे वजन मी आनंदानं घेतलं. बोल्ट ५ एमएमचे, आतून नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले). साधे नट धक्क्यांनी सैल होतात.

२० ऑक्टोबर, रविवार

बोपदेव घाट, पूर्ण सामानासह. ४१ मिनिटं लागली, तीनदा उतरावं लागलं.

कॅरिअर जागचं हललं नाही, पण पॅडल मारताना प्रत्येक फेरीत टाच बॅगेला लागत होती. बॅगा चार सेंटिमीटर मागे सरकवल्या. टाच मोकळी झाली आणि दुसराच त्रास सुरू झाला. भार आसाच्या मागे गेला, त्यामुळे चढावर पुढचं चाक हलकं पडलं आणि हँडल डुलायला लागलं. एका वळणावर मी जवळजवळ डांबर सोडून खाली गेले.

घरी येऊन बॅगा नव्यानं भरल्या. हत्यारं, कुलूप, खाऊ हे सगळं जड सामान बॅगेच्या तळाला, पुढच्या कोपऱ्यात, म्हणजे आसाच्या जवळात जवळ. कपडे वर आणि मागे. कॅरिअरच्या माथ्यावर चादरीपेक्षा जड काहीच नाही. हँडलला एक छोटी बॅग घेतली, ९०० रुपये. तिच्यात दीड किलोपेक्षा जास्त घातलं की हँडल वळवताना जड लागतं, हे गल्लीत दहा चकरा मारून ठरवलं. मोकळ्या सायकलवर यातलं काहीही कळलं नसतं.

२७ ऑक्टोबर, रविवार

पाण्याची परीक्षा. पॅनिअरच्या (कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकवायच्या बॅगांच्या) जोडीवर 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं आहे, ३२०० रुपये मोजलेत. दोन्ही बॅगांत जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले, बाथरूममध्ये ठेवून वरून दहा बादल्या पाणी ओतलं आणि अर्ध्या तासानं उघडल्या. कागद कुठे भिजलाय ते पाहिलं की पाणी कुठून आलं ते लगेच कळतं. वरचे बोळे कोरडे. ज्या पाठीला हुक बसवलेत तिथले ओले. रिव्हेटच्या भोकांतून पाणी आत येतं.

आतून शिवणीला टेप लावून पाहिली, ती चार दिवसांत सुटली. शेवटी प्रत्येक बॅगेत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी, तोंडाला पीळ देऊन रबर. जानेवारीत पावसाची भीती फारशी नाही, पण बाटली सांडणं, दव, होडीवर उडणारं पाणी हे असतंच.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

भावानं ओवाळणीत १०,००० एमएएचची छोटी पॉवर बँक घातली. माझी जुनी २०,००० ची होती, जवळजवळ दुप्पट वजनाची. रात्री रोज कुठेतरी प्लग मिळणारच आहे, त्यामुळे एका दिवसापुरतं पुरलं की झालं.

त्याच रात्री दोघांचे पुढचे दिवे पूर्ण चार्ज करून, सगळ्यात मोठ्या उजेडावर लावून खिडकीत ठेवले. माझा ३ तास १० मिनिटं चालला. भावाचा १ तास ५० मिनिटांत काही न सांगता विझला. खोक्यावर चार तास लिहिलेत. आम्ही पहाटे पाचला निघणार, म्हणजे अंधार दीड तास. त्याला पुरेल, पण आदल्या रात्री चार्ज करायचा विसरला तर नाही. आता दिवे मधल्या उजेडावरच वापरायचे.

१५ ते १८ नोव्हेंबर: खरी चाचणी

शुक्रवारी गुरुनानक जयंतीची सुटी, पुढे शनिवार-रविवार आणि सोमवारी रजा. पुणे, ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि त्याच वाटेनं परत, घाट चढून. मोठ्या प्रवासात जे न्यायचं ते सगळं बरोबर घेतलं. तोपर्यंत माझं सामान १५ किलोवर आलं होतं.

पहिला दिवस. पहाटे पाचला निघालो, पिरंगुटचा चढ अंधारातच झाला. मुळशीचं पाणी उजव्या हाताला ठेवून नाश्त्याच्या आधी चांगलं अंतर कापलं. ताम्हिणी गाव मागे पडलं आणि उतार लागला तसा मागून 'टण्' असा आवाज आला. पाठोपाठ चाक ब्रेकला घासायला लागलं.

मागच्या चाकाचा स्पोक तुटला होता, चेनच्या बाजूचा. हबच्या भोकात जिथे तो वाकून बसतो, नेमका त्या कोपरावर. तुकडा अजून माझ्याकडे आहे. बाहेरून काळपट आणि तुटलेल्या जागी अर्धा भाग मळलेला, अर्धा चकचकीत. काका नंतर म्हणाले की मळलेला भाग म्हणजे जुनी चीर. ती कितीतरी दिवसांपासून आत वाढत होती आणि त्या दिवशी फक्त शेवट झाला.

माझ्याकडे चार जादा स्पोक होते. एकही कामाला आला नाही. चेनच्या बाजूचा स्पोक घालायला आधी कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) काढावी लागते, तिचा पाना नव्हता. असता तरी उपयोग नव्हता, कारण चारही स्पोक पुढच्या चाकाच्या मापाचे निघाले. दुकानात "सायकलचे स्पोक द्या" म्हटलं आणि त्यांनी दिले ते घेऊन आले होते. मागच्या चाकात चेनच्या बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचे स्पोकसुद्धा वेगवेगळ्या लांबीचे असतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

स्पोक आवळायची चावी, म्हणजे स्पोक की, मात्र होती. उजवीकडचा स्पोक गेला की रिम तेवढ्या जागी डावीकडे ओढली जाते. म्हणून शेजारचे डावे दोन स्पोक अर्धा फेरा सैल केले, उजवे दोन थोडे आवळले, चाक फिरवून पाहिलं, परत तेच. भाऊ चाक फिरवत होता आणि मी ब्रेकच्या रबराजवळ बोट धरून आऊट (चाकाचा वाकडेपणा) बघत होते. एक तास चाळीस मिनिटांनी चाक ब्रेक लागण्याइतपत सरळ झालं. माझ्या दोन्ही बॅगा भावाच्या सायकलवर बांधल्या आणि घाट अगदी सावकाश उतरलो. निजामपूरच्या पुढे अंधारलंच. माणगावात पोचलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. त्रिपुरी पौर्णिमा होती. देवळात पणत्या लागल्या होत्या आणि मी पायरीवर बसून अर्धा लिटर कोकम सरबत प्यायले.

दुसरा दिवस. दुकान उघडायची वाट बघण्यात सकाळ गेली. पहिल्या दुकानात फ्रीव्हीलचा (जुन्या पद्धतीच्या गिअरचा) पाना होता, कॅसेटचा नाही. दुसऱ्यानं त्याच्याकडचा बसवून पाहिला आणि बसला. स्पोक कापून, आटे पाडून, चाक सरळ करून ८० रुपये घेतले. निघेपर्यंत साडेदहा. म्हसळ्यावरून श्रीवर्धन आणि तिथून हरिहरेश्वर. चढ फार उंच नाहीत, पण संपतच नाहीत. एक उतरला की दुसरा समोर उभा.

रात्री घरगुती खानावळीतच राहायची सोय झाली. आल्याआल्या कपडे धुऊन पडवीत वाळत घातले. सुती टी-शर्ट सकाळी सहाला गार आणि दमट. जाड टॉवेलचं तर नावच नको. भावानं आईच्या सांगण्यावरून एक पंचा आणला होता, तो रात्री जेवण होईपर्यंत वाळला होता. दमट हवेत रात्रीत काय वाळतं, हे पुण्यातल्या गच्चीवर कळत नाही.

डास भरपूर होते. मच्छरदाणी होती म्हणून झोप लागली. स्लीपिंग बॅग उकाड्यामुळे उशाला घेतली. तंबू उघडलाच नाही.

तिसरा दिवस. जानेवारीत जिथून खाडी ओलांडायची आहे त्या बागमांडल्याच्या जेट्टीवर सकाळी मुद्दाम गेलो. फेरीबोटीनं पलीकडे वेसवीला आणि लगेच परत, फक्त सायकल चढवून-उतरवून पाहायला. पाण्याजवळचा उतार ओला, शेवाळलेला. माझ्या बुटांचा तळ गुळगुळीत झालाय. भरलेली सायकल उतारावर ब्रेक धरूनही पुढे ओढत होती आणि पाय घसरत होते. एका सायकलला दोघांनी धरून दोन खेपा केल्या. आमच्या वाटेवर दाभोळ-धोपावे आणि जयगडची खाडी असे आणखी ओलांडायचे टप्पे आहेत. बूट बाद. जाड रबरी तळाची, मागे पट्टा असलेली सँडल एवढंच पायताण.

परतीला म्हसळ्याच्या अलीकडे पंक्चर. माझ्या ट्यूबला बारीक, लांब वॉल्व्ह आहे. घाईत पंप वाकडा ओढला आणि वॉल्व्हची टोकाची सळई वाकली. दुसरी ट्यूब घातली, पण आता पंप वापरायची भीती वाटायला लागली. समोर पंक्चरवाला होता, त्याच्याकडे कॉम्प्रेसर होता, आणि त्याची नळी माझ्या वॉल्व्हवर बसेना. भावाच्या ट्यूबला मोटरसायकलसारखा जाड वॉल्व्ह आहे, त्याची हवा दोन मिनिटांत भरून झाली. बारीक वॉल्व्हवर चढवायचा पितळी अडॅप्टर ६० रुपयांना मिळतो, वजन काट्यावर दिसतही नाही. तो घरच्या ड्रॉवरमध्ये होता.

चौथा दिवस. विळ्याकडून ताम्हिणी चढायचा. माझी पुढची सर्वांत लहान चकती २८ दातांची, मागची सर्वांत मोठी ३२ ची. म्हणजे पॅडलच्या एका फेरीत सायकल दोन मीटरही पुढे जात नाही. तरीही दोन ठिकाणी उतरून ढकलावी लागली. दुपारी एका वळणावर भाऊ म्हणाला, "ताई, तो गॅस इथेच कोणाला देऊन टाकू का?" चार दिवसांत एकदाही पेटवला नव्हता. जिथे थांबलो तिथे टपरीवर चहा मिळाला होता.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी मतदान केलं आणि दुपारभर सामान घेऊन बसलो. तीन ढीग: वापरलं, वापरलं नाही, आणि जे नव्हतं म्हणून अडलं त्याची चिठ्ठी. 'वापरलं नाही' या ढिगातून फक्त औषधं आणि दुरुस्तीचं सामान परत घ्यायचं, बाकी काहीही नाही, असं आधीच ठरवलं होतं. नाहीतर प्रत्येक गोष्ट 'असू दे' म्हणत परत बॅगेत जाते.

तंबू गेला (४५०० रुपयांचा, भाच्याला दिला). स्लीपिंग बॅग गेली, तिच्या जागी चादर. गॅस, भांडी गेली, एक स्टीलचा पेला राहिला. सुती कपडे सगळे गेले. आता सायकलवर घालायचे दोन जोड, रात्रीचा एक, एक पातळ जॅकेट आणि पंचा. खाऊत राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाणे आणि ओआरएसची पाकिटं, एका दिवसापुरती. पुढच्या गावात पुन्हा घेता येतं.

हत्यारांसाठी वेगळी पद्धत केली. दोन्ही सायकली उभ्या करून पुढून मागे प्रत्येक बोल्टला हात लावला आणि ज्या पान्यानं तो फिरला तो पाना डाव्या हाताला ठेवत गेलो. शेवटी डावीकडे ४, ५ आणि ६ ची एलन की, एक स्क्रू ड्रायव्हर, ८-१० चा पाना, चेनचं टूल आणि स्पोक की. उजवीकडे उरलेल्यात एका पक्कडीसह अर्धा किलोहून जास्त लोखंड. भावाच्या पॅडलला मात्र १५ चा जाड पाना लागतो. येताना सायकली रेल्वेनं पार्सल करायच्या आहेत, तेव्हा पॅडल काढावी लागली तर? माझी पॅडल मागून ६ च्या एलन कीनं निघतात. त्याला तशीच घेतली आणि तो पाना घरी राहिला.

दोघांच्या टायरचं माप वेगळं, हे दुखणं मात्र तसंच राहिलं. एकाच मापाच्या सायकली असत्या तर दोघांत तीन ट्यूब पुरल्या असत्या. आम्हाला चार न्याव्या लागतायत.

१ डिसेंबर, रविवार

काकांनी मागच्या चाकाचे चेनच्या बाजूचे सगळे स्पोक बदलले. एक कोपरावर तुटला की बाकीचेही त्याच वयाचे असतात, असं त्यांचं म्हणणं. सगळं मिळून १२५० रुपये. जादाचे स्पोक यावेळी चाकावरून मापून कापून घेतले, दोन्ही बाजूंचे तीन-तीन, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा, आणि टेपनं फ्रेमला चिकटवले. कॅसेटचा छोटा पाना मागवला, ६०० रुपये.

मग घरी मुद्दाम एक चांगला स्पोक काढून परत घातला. पहिल्यांदा १ तास १० मिनिटं, दुसऱ्यांदा ३५. हे करताना कॅसेट निघाल्यावर मधल्या रिंगा कुठल्या क्रमानं होत्या ते विसरलो. आता काढली की लगेच टायर लिव्हरवर ओवून ठेवायच्या.

८ डिसेंबर, रविवार

नोव्हेंबरच्या चाचणीत तिसऱ्या दिवशी बसायला त्रास झाला होता, म्हणून नवी, मऊ, जाड सीट घेतली. १९०० रुपये. साठ किलोमीटरनंतर मांड्या सोलवटल्या. मऊ सीटमध्ये माणूस रुततं आणि घासतं. जुनी सीट परत बसवली, फक्त नाक अगदी थोडं खाली केलं. तीन दिवस सायकलला हात लावता आला नाही. यापुढे निघेपर्यंत शरीराला लागणारी एकही वस्तू बदलायची नाही: सीट, शॉर्ट्स, सँडल, हँडलची उंची.

२१-२२ डिसेंबर

बोपदेव, सासवड, जेजुरी, एक रात्र मुक्काम आणि परत. बोपदेव २९ मिनिटं, एकदाही न उतरता. ऑक्टोबरपेक्षा बारा मिनिटं कमी. दोन महिन्यांच्या सरावाचा त्यात वाटा असणारच, पण हँडल डुललं नाही हे निव्वळ सामानामुळे.

जेजुरीत अंधारात, टॉर्च न लावता, बॅगेतून पंक्चरचं सामान काढून पाहिलं. सापडलं. कुठली वस्तू कुठल्या बॅगेत हे आता बदलायचं नाही. उजवी बॅग सायकलची, डावी माणसाची.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

शेवटचं वजन. चादर-मच्छरदाणी ०.९, पेला ०.१, कपडे १.६, हत्यारं आणि ट्यूब १.५, औषधं ०.४, चार्जर-दिवे ०.७, खाऊ ०.६, तिन्ही बॅगा २.२, किरकोळ ०.५. बेरीज ८.५ किलो. वर पाणी अडीच लिटर. आईनं ऑक्टोबरच्याच पानावर शेजारी हे आकडे लिहिले.

खर्च, सटरफटर सोडून, १५,३०० रुपये. त्यातले ७,८०० तंबू, सीट आणि पहिल्या कॅरिअरवर गेले, म्हणजे अर्ध्याहून जास्त.

एक गोष्ट सुटलेली नाही. जोर लावून चढताना पॅडलच्या आसाकडून 'कट् कट्' येतं. काकांनी दोनदा उघडून ग्रीस भरलं, तरी येतंच. बेअरिंगला खेळ नाही, त्यामुळे काका म्हणतात जाऊ दे. मला आवडलेलं नाही, पण आज रात्री काही उघडणार नाही.

संध्याकाळी काका घरी आले. मागचं चाक हळूहळू फिरवत प्रत्येक स्पोक नखानं छेडत गेले. चेनच्या बाजूला सगळे एका सुरात, एकच जरा खाली. त्याला पाव फेरा दिला, परत छेडला, मग आणखी थोडासा. "आता बोलतोय," म्हणाले आणि पैसे घेतले नाहीत.

भाऊ रात्री इथेच झोपलाय. सायकली दारात भरून उभ्या आहेत, दोघांचे दिवे चार्जिंगला लावलेत. गजर पावणेपाचचा.